परतीच्या विमानानंतरचे दिवस : रोटरीच्या प्रांतपालांना खुले पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातील रोटरीच्या सर्व माननीय प्रांतपालांस,



रोटरी इंटरनॅशनलचे माजी अध्यक्ष राजेंद्र साबू यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये भारतीय डॉक्टरांचे एक पथक युगांडात शस्त्रक्रिया करायला गेले. तेव्हापासून भारतातल्या रोटरीचे डॉक्टर रजा टाकून, दवाखाना बंद ठेवून आणि एक रुपयाही मोबदला न घेता आफ्रिकेत जात आले आहेत. ज्या देशाने अनेक दशके परदेशी डॉक्टरांची मदत घेतली, तो देश आता स्वतः मदतीला निघाला याचे मोल मोठे आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर बाळगूनच हे पत्र लिहीत आहे. विनंती एकच आहे. मोहीम संपल्यावर निघणाऱ्या प्रसिद्धिपत्रकात आणि अहवालात पहिले वाक्य असते ते ‘इतक्या दिवसांत इतक्या शस्त्रक्रिया’ असे. हे वाक्य पहिल्या जागेवरून हलवा. शस्त्रक्रिया-मोहीम यशस्वी झाली की नाही, हे सर्जनच्या टेबलावर किती रुग्ण आले यावरून कळत नाही. सर्जनच्या भोवती उभ्या असलेल्या, फोटोत क्वचितच दिसणाऱ्या स्वयंसेवकांनी काय केले आणि पथकाचे विमान उडाल्यानंतरच्या दिवसांत रुग्णाकडे कोण पाहत होते, यावरून ते कळते. आपण आकडा मोजत राहिलो तर माणसे निवडतानाही आकड्यासाठीच निवडतो, आणि नेमकी ज्यांची गरज आहे ती माणसे विमानात चढतच नाहीत. हे म्हणण्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

आधी गरजेविषयी, कारण ती खरोखरच अफाट आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये आला. जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल वेळेवर मिळू शकत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रिया होतात; त्यांतल्या जेमतेम ६ टक्के सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात. जीव वाचवण्यासाठी आणि अपंगत्व टाळण्यासाठी दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने तातडीच्या व अत्यावश्यक शस्त्रक्रिया आणि भूलसेवा बळकट करण्याचा ठराव केला. या आकड्यांपुढे कोणतीही मोहीम, कितीही मोठी असली तरी, नगण्य ठरते. मोहिमा व्यर्थ आहेत असा याचा अर्थ नाही. मात्र मोहिमेतल्या शस्त्रक्रियांची बेरीज करून ही दरी कधीच भरणार नाही, हे कबूल करावे लागते. दरी भरायची असेल तर मोहिमेने स्वतःच्या हातून झालेल्या कामापेक्षा मोठे काहीतरी मागे ठेवायला हवे.

काय मागे ठेवायचे, हे ठरवण्याआधी रुग्ण कुठे दगावतो हे पाहायला हवे. २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या २५ देशांतल्या २४७ रुग्णालयांनी एकत्र येऊन एका आठवड्यातल्या शस्त्रक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. केप टाउनचे भूलतज्ज्ञ ब्रूस बिकार्ड यांनी या अभ्यासाचे नेतृत्व केले होते आणि त्यात ११ हजारांहून अधिक रुग्ण होते. हे रुग्ण जगाच्या सरासरीच्या मानाने तरुण होते, त्यांचे इतर आजार कमी होते, गुंतागुंतीही फारशा अधिक नव्हत्या. तरीही त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट निघाले. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे : जे दगावले त्यांतले सुमारे ९५ टक्के शस्त्रक्रिया चालू असताना गेले नाहीत, नंतर गेले. म्हणजे टेबलावरून रुग्ण जिवंत उतरला, वॉर्डात गेला आणि तिथे रात्रीच्या वेळी रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा अडलेला श्वास कुणाच्या लक्षात आला नाही. या रुग्णालयांच्या परिसरात एक लाख लोकांमागे सर्जन, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून एकही पूर्ण माणूस नव्हता, मध्यक ०.७ होता, आणि लॅन्सेट आयोगाने किमान २० ची अपेक्षा ठेवली आहे. अशा ठिकाणी आपले कुशल सर्जन जाऊन आठवडाभर भराभर शस्त्रक्रिया करतात, तेव्हा सगळ्यांत मजबूत कडीला आणखी बळ मिळते. सगळ्यांत कमजोर कडी असते वॉर्डातली रात्र, आणि तिच्यावरचा ताण त्याच आठवड्यात एरवीच्या कितीतरी पट वाढतो.

दुभंगलेल्या टाळूचे उदाहरण याहून बोलके आहे. इक्वाडोरमध्ये अमेरिकी पथकाच्या मोहिमांत झालेल्या टाळूच्या शस्त्रक्रियांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टाळू शिवल्यानंतर तिथे पुन्हा भोक पडण्याचे प्रमाण त्या मोहिमांत निम्म्याहून अधिक होते, तर कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ते शेकडा ३ पेक्षाही कमी होते. यावर कुणी म्हणेल, स्थानिक सर्जन कमी अनुभवी असतील. अभ्यासाने तेही तपासले. मोहिमेत अमेरिकी सर्जननी केलेल्या आणि इक्वाडोरच्या सर्जननी केलेल्या शस्त्रक्रियांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. तेच हात, तेच कौशल्य, पण परिस्थिती बदलली की निकाल बदलला. त्यामागे बऱ्याच गोष्टी असतात. मूल उशिरा येते, कुपोषित असते, तोंडातला संसर्ग आधी बरा केलेला नसतो, शस्त्रक्रियेनंतर त्याला काय भरवायचे आणि काय नाही हे आईला तिच्या भाषेत कुणी नीट सांगितलेले नसते, आणि आठव्या दिवशी टाका सुटला तर दाखवायला कुणी नसते. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जन ‘दहाचा नियम’ पाळतात : वय किमान दहा आठवडे, वजन दहा पौंड, हिमोग्लोबिन दहा. या तिन्ही अटींत सर्जनच्या हातात काहीच नाही. मूल त्या वजनापर्यंत पोहोचवणे हे पोषणाचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्याचे काम आहे. आणि टाळू शिवून झाली म्हणजे मूल बोलू लागले असेही नाही. पुढची कित्येक वर्षे त्याला वाचा-उपचार लागतात, दातांचे उपचार लागतात, आठ-दहा वर्षांचे झाल्यावर हिरडीत हाड बसवण्याची आणखी एक शस्त्रक्रिया लागते. आधी आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवला की हे सगळे अदृश्य होते.

म्हणून माझा आग्रह त्या अदृश्य माणसांसाठी आहे. मोहिमेचे पथक जाण्याआधी काही आठवडे कुणीतरी त्या जिल्ह्यात जाऊन रुग्ण तपासते, कुणाला आत्ता घ्यायचे आणि कुणाला रक्त वाढवून पुढच्या खेपेला बोलवायचे हे ठरवते, आणि ज्याला घेता येणार नाही त्या बापाला तसे समोर बसून सांगते. ऑटोक्लेव्हचा दाब आणि तापमान खरोखर पोहोचले का, याची पट्टी कुणीतरी प्रत्येक वेळी तपासते. ते न तपासता शंभर शस्त्रक्रिया करता येतात आणि शंभर जखमा पिकवताही येतात. ऑक्सिजनचा सिलिंडर अर्धा आहे की रिकामा, जनरेटर किती वेळ चालेल, रक्त कोणत्या गटाचे किती मिळेल याचा हिशेब कुणीतरी ठेवते. भूल देताना रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे पल्स ऑक्सिमीटर हे आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्येही असते. जगात ७७ हजारांहून अधिक ऑपरेशन थिएटर त्याच्याविना चालतात, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता. त्यातूनच पुढे स्वस्त आणि दणकट ऑक्सिमीटर पुरवणारी ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली. पण यंत्र पाठवले म्हणजे काम झाले असेही नाही. गरीब देशांतल्या रुग्णालयांतली उपकरणे तपासणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ४० टक्के यंत्रे बंद पडलेली आढळली, आणि त्यांतली बरीच कुणीतरी दान केलेली होती. एक बायोमेडिकल इंजिनिअर दोन आठवडे तिथे बसून स्थानिक तंत्रज्ञाला ती दुरुस्त करायला शिकवेल, तर त्याच्या हातून एकही शस्त्रक्रिया न होता पुढची अनेक वर्षे शेकडो शस्त्रक्रिया सुरक्षित होतील. आपल्या अहवालाच्या रचनेत या माणसाची नोंद कुठे होते? बहुधा शेवटच्या पानावर, आभारांत.

जी मोहीम या माणसांना केंद्रस्थानी ठेवते ती कशी दिसते, हे पाहायचे असेल तर ‘मर्सी शिप्स’च्या रुग्णालय-जहाजांकडे पाहावे. ‘आफ्रिका मर्सी’ आणि आता ‘ग्लोबल मर्सी’ ही जहाजे एकाच बंदरात सुमारे दहा महिने थांबतात. त्यांवर सर्जन असतात, पण स्वयंसेवकांत परिचारिका, स्वयंपाकी, जहाजाचे इंजिनिअर, शिक्षक, गोदाम सांभाळणारे यांचाच भरणा अधिक असतो, आणि ते आपला प्रवास व राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः उचलतात. या संस्थेच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग जहाजावर घडलाच नाही. जहाज २०१४ ते २०१६ मादागास्करमध्ये असताना प्रशिक्षकांची एक छोटी तुकडी देशभरातल्या रुग्णालयांत फिरली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेची ‘सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट’ शिकवली. जहाज निघून गेल्यावर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासले तेव्हा बहुसंख्य ठिकाणी ती यादी वापरात होती. या यादीत अवघड असे काहीच नाही : रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिले का, शेवटी गॉज आणि सुया मोजल्या का, अशा प्रश्नांची ती यादी. ती तयार करण्यात पुढाकार होता अतुल गावंडे यांचा. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्ली, मनिला, अम्मान आणि टांझानियातले इफाकारा यांच्यासह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. सिस्टरने सर्जनला थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र नवा होता, आणि तो अधिकार रुजवायला सिस्टरच जावी लागते.

आकड्याच्या मागे लागण्याचा धोका समजून घ्यायला आपल्याला परक्या देशात जाण्याची गरज नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचे शिबिर झाले. एका सर्जनने काही तासांत ८३ महिलांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या आणि लगोलग झालेल्या शिबिरांनंतर १३ महिला दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. परदेशातल्या मदत-मोहिमा आणि हे सरकारी शिबिर यांत फरक खूप आहे, हे मला मान्य आहे; आपले डॉक्टर स्वेच्छेने जातात, काळजीने काम करतात. पण उद्दिष्ट आकड्यात दिले की टेबल रिकामे राहू नये याची घाई सुरू होते, हातमोजे बदलण्याला आणि यंत्रे पुन्हा निर्जंतुक करण्याला लागणारा वेळ ‘वाया गेलेला’ वाटू लागतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. परदेशात तर देखरेख आणखी कमी असते. तिथला रुग्ण पुढे कुठे गेला हे विचारायला ना ग्राहक न्यायालय असते ना स्थानिक वार्ताहर.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : समोर बसलेल्या मुलाला आज शस्त्रक्रिया हवी आहे, त्याला व्यवस्था सुधारण्याच्या गोष्टी सांगून परत पाठवायचे का? मुळीच नाही. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित अनेक दशके दरवर्षी भारतात येत राहिले, अर्धांगवायू आणि कर्करोग झाल्यानंतरही, आणि त्यांनी दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्यांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या शिबिरांचे यशही माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच साक्ष देते. डॉक्टर त्याच राज्यात, त्याच भाषेत, वर्षानुवर्षे परत येत होते, आणि भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांचे कार्यकर्ते रुग्ण शोधण्यापासून त्यांना घरी पोहोचवण्यापर्यंत सारी व्यवस्था पाहत होते. दूरच्या देशात एकदाच जाऊन परतणाऱ्या पथकाला यातले काहीच आपोआप मिळत नाही. ते मुद्दाम उभे करावे लागते. समोरच्या मुलाची शस्त्रक्रिया जरूर करा, पण त्या मुलाची आठवडाभराने कोण तपासणी करणार हे ठरल्यानंतरच करा. ते ठरवता येत नसेल, तर त्या मुलावर उपकार झाला की त्याला नवी व्यथा दिली, हे आपल्याला कधी समजणारही नाही.

जुन्या मोहिमांनी स्वतः हा धडा घेतला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जन डोनाल्ड लॉब यांनी १९६९ मध्ये ‘इंटरप्लास्ट’ ही संस्था सुरू केली. परदेशी जाऊन मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या आधुनिक पथकांची ती जवळजवळ जननी आहे. आज ‘रीसर्ज’ या नावाने चालणाऱ्या या संस्थेच्या बहुतेक शस्त्रक्रिया त्या त्या देशातले डॉक्टर करतात. ‘ऑपरेशन स्माइल’ची सुरुवात १९८२ मध्ये फिलिपाइन्समधून झाली, आणि पहिल्याच खेपेला जितक्या मुलांना शस्त्रक्रिया मिळाली त्याहून कितीतरी अधिक मुलांना परत पाठवावे लागले होते. हीच संस्था पुढे आसाममध्ये आली तेव्हा तिने केवळ मोहिमांवर काम थांबवले नाही. आसाम सरकार, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि टाटा न्यास यांच्यासोबत २०११ मध्ये गुवाहाटीच्या महेंद्र मोहन चौधरी रुग्णालयात तिने दुभंगलेल्या ओठ-टाळूसाठी कायमचे केंद्र उभारले. तिथे सर्जनबरोबर दंतवैद्य आणि वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत, आणि मूल शस्त्रक्रियेयोग्य होईपर्यंत त्याचे पोषण पाहिले जाते. आज न घेता आलेले मूल पुढच्या महिन्यात येऊ शकते, ही एवढी साधी सोय कोणत्याही फिरत्या पथकाला देता येत नाही. २०१५ मध्ये मदत-शस्त्रक्रियेच्या वेगवेगळ्या पद्धतींचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका निबंधातही छोट्या मुदतीच्या फिरत्या मोहिमांचे निकाल सर्वांत कमजोर ठरले, आणि एकाच विशेष कामासाठी उभी राहिलेली कायमची रुग्णालये सर्वांत सरस ठरली. त्याच्या लेखकांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे थुलसिराज रविल्ला हेही होते.

अरविंदचा उल्लेख आला म्हणून मोतीबिंदूचा आक्षेपही इथेच पाहू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया छोटी, ठरावीक पद्धतीची, तेव्हा ती मोहिमेत करता येते, हे खरे. पण डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांपासून सुरू केलेल्या अरविंदने पुढे गावोगाव शिबिरे भरवली ती प्रामुख्याने तपासणीसाठी. शस्त्रक्रियेचा रुग्ण बसने रुग्णालयात आणला जातो आणि तिथे कायमचे कर्मचारी त्याच्याकडे पाहतात. मोतीबिंदूतही यशाचे गमक फिरते ऑपरेशन थिएटर नव्हे.

दुसरा आक्षेप मला आपल्यातल्या अनेकांच्या ओठांवर दिसतो : देणगीदाराला आकडा कळतो, ‘सिस्टरने चेकलिस्ट शिकवली’ हे कळत नाही, मग पैसे कोण देणार? याचे उत्तर रोटरीनेच जगाला देऊन ठेवले आहे. १९८५ मध्ये आपण पोलिओविरुद्ध मोहीम उघडली. त्यात डोस किती पाजले हे मोजले जाई, पण यश त्यावर ठरले नाही. ते ठरले किती मुलांना पोलिओ झाला यावर. अचानक लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाचा शोध घेऊन त्याचा शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणारी देखरेख-यंत्रणा भारतभर उभी राहिली, आणि म्हणूनच १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडलेला रुग्ण हा देशातला शेवटचा, हे आपण ठामपणे म्हणू शकतो. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या काळात रोटरीच्या देणगीदारांनी वर्षानुवर्षे पैसे दिले ते ‘अजून किती मुले उरली’ या प्रश्नाला. तोच देणगीदार ‘मागच्या वर्षी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली त्यांपैकी किती जण बरे आहेत’ हा प्रश्न समजू शकत नाही, असे मानणे त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटच्या अटींतच टिकाऊपणा आणि मोजता येणारा परिणाम यांचा आग्रह आहे, आणि प्रशिक्षण देणारी व घेणारी पथके पाठवण्याची तरतूदही आहे. मी मागतो आहे ते आपल्याच नियमांत आहे.

तिसरा आक्षेप असा की स्थानिकांना शिकवून उपयोग नाही, शिकले की ते परदेशी जातात. ही भीती अनाठायी नाही. आफ्रिकेतले कितीतरी डॉक्टर लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत आहेत, तसे आपलेही आहेत. पण यावर मोझांबिकने दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. यादवीच्या काळात डॉक्टर उरले नाहीत तेव्हा त्या देशाने १९८४ मध्ये अनुभवी आरोग्य-सहायकांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पहिल्या काही तुकड्यांचा सात वर्षांनंतर शोध घेतला गेला तेव्हा त्यांतले ८८ टक्के जिल्हा रुग्णालयांतच काम करत होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. जिल्हा रुग्णालयांतली सिझेरियनसारखी प्रसूतीची नव्वद टक्क्यांहून अधिक मोठी ऑपरेशने हेच लोक करत होते. यातून दिसते की कुणाला शिकवायचे हे नीट ठरवले तर शिकवलेले तिथेच राहते. परिचारिका, भूल-सहायक, तंत्रज्ञ हे आपल्याच जिल्ह्यात टिकणारे लोक आहेत. त्यांना शिकवायला मोठे सर्जन नेहमीच लागत नाहीत. आपल्या जिल्हा रुग्णालयांत वीस-पंचवीस वर्षे थिएटर सांभाळलेल्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या सिस्टर्स आणि ओटी तंत्रज्ञ ते काम अधिक चांगले करतील, कारण वीज गेली, सामान संपले, गर्दी वाढली अशा परिस्थितीत शिस्त कशी टिकवायची हे त्यांनी प्रत्यक्ष केले आहे. युरोपातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या पथकाकडे हा अनुभव नसतो. भारतीय मोहिमेकडे तो आहे आणि आपण तो घरी ठेवून जातो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

असेही म्हटले जाईल की व्यवस्था उभी करणे हे त्या देशाच्या सरकारचे काम, सेवाभावी संस्थेचे नाही. मान्य. पण पाहुणे पथक येते त्या आठवड्यात स्थानिक रुग्णालयाचे थिएटर, रक्त, ऑक्सिजन आणि सिस्टर्स पथकाच्या कामाला लागतात, आणि त्यांची नेहमीची कामे मागे पडतात. म्हणजे आपण त्या सरकारच्या व्यवस्थेतून काही घेतच असतो. घेतलेले भरून देणे ही किमान जबाबदारी आहे.

तेव्हा माननीय प्रांतपाल, पुढच्या मोहिमेला मंजुरी देताना काही गोष्टी ठामपणे मागा. देश दरवर्षी बदलू नका. एकच रुग्णालय निवडा आणि निदान पाच वर्षे तिथेच परत जा. कोणत्या शस्त्रक्रियेची गरज आहे हे आपल्या पथकातल्या तज्ज्ञांवरून ठरवू नका, त्या रुग्णालयाला विचारून ठरवा. पथकात प्रत्येक सर्जनमागे भूल, परिचर्या, निर्जंतुकीकरण आणि नोंदी यांसाठी किती माणसे हवीत हे आधी निश्चित करा, आणि तितकी माणसे मिळत नसतील तर सर्जनची संख्या कमी करा. परिचारिकांना व तंत्रज्ञांना बिनपगारी रजा घेऊन जाणे परवडत नाही. डॉक्टरांना ते जमते. म्हणून त्यांच्या प्रवासाबरोबर त्यांच्या बुडालेल्या पगाराचीही तरतूद क्लबांनी करावी. पथक परतल्यावर निदान दोन-तीन आठवडे एक सिस्टर आणि एक डॉक्टर मागे थांबतील याची अट घाला. प्रत्येक रुग्णाचा केसपेपर स्थानिक रुग्णालयाच्या भाषेत तिथेच ठेवा, आणि तीस दिवसांनी व एक वर्षाने किती रुग्ण तपासले गेले, किती दगावले, कितींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली हे प्रसिद्ध करा, आकडे वाईट आले तरी. खर्चातला एक ठरावीक भाग तिथल्या दोन-तीन कर्मचाऱ्यांना दरवर्षी आपल्या रुग्णालयांत काही महिन्यांसाठी शिकायला आणण्यावर करा. मुंबई, पुणे, नागपूर, मडगाव इथल्या रुग्णालयांत त्यांना जे दिसेल, ते त्यांच्या घरच्या परिस्थितीच्या बऱ्यापैकी जवळचे असेल.

आणि प्रांताच्या पुढच्या वार्षिक परिषदेत मोहिमेचा सत्कार होईल तेव्हा व्यासपीठावर आधी त्या सिस्टरना आणि तंत्रज्ञांना बोलवा, त्यांच्याकडून ऐका की मागच्या वर्षीचे रुग्ण आज कसे आहेत. त्यांना ते सांगता आले तर पुढची मोहीम काढा. सांगता आले नाही तर नव्या देशाचे तिकीट काढण्याआधी जुन्या गावी परत जाऊन त्या रुग्णांना भेटून या, एवढीच कळकळीची विनंती.